रंधा, जाडी-यंत्र आणि घरचा कारखाना

स्मरणिकेतील इतिहासविषयक लेख म्हटला की प्रभू विश्वकर्म्याची कथा, गोत्रांची यादी आणि मूळ गावांचा शोध ह्यांनी पाने भरावीत असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. ते सर्व योग्यच आहे. परंतु ज्या हत्यारांनी आपल्या पूर्वजांच्या हातांस घट्टे पाडले, त्या हत्यारांचा इतिहास मात्र आपल्या पानांतून क्वचितच येतो. गेल्या काही वर्षांत समाजातील पुष्कळ तरुणांनी, आणि निवृत्तीनंतर पुन्हा लाकडाकडे वळलेल्या काही वडीलधाऱ्यांनीही, घराच्या पडवीत किंवा गाळ्यात छोटा कारखाना मांडला आहे. त्यांच्याकडून एक प्रश्न हटकून विचारला जातो : थिकनेस प्लेनर, म्हणजे ज्यास कारखान्यात नुसते 'थिकनेस' म्हणतात ते फळीची जाडी एकसारखी करणारे यंत्र, कोणते घ्यावे? प्रश्न खरेदीचा आहे. त्याचे उत्तर मात्र दुकानदाराच्या माहितीपत्रकात पुरे मिळत नाही. हे यंत्र कोणी, कोणत्या हेतूने आणि कोणत्या कामासाठी घडविले हे ठाऊक असल्यावाचून ते काय करील व काय करणार नाही हे समजत नाही, आणि न समजता घेतलेले यंत्र सहा महिन्यांत कोपऱ्यात धूळ खात पडते.

आरंभ शब्दांपासून करू. संस्कृतात 'तक्ष्' ह्या धातूचा अर्थ तासणे, घडविणे असा आहे. त्यावरून सुतारास 'तक्षन्' हे नाव ऋग्वेदकाळापासून मिळाले, आणि आपले मराठी 'तासणे' हे क्रियापद त्याच कुळातले. 'रंधा' हा शब्द मात्र फारसीतील 'रंदा' ह्या शब्दाशी जोडलेला आहे. नुसत्या शब्दावरून वस्तूचे मूळ ठरविणे धोक्याचे असते, हे खरे. तरीही गावगाड्यातील सुताराचे काम आठवले तर ह्या दोन शब्दांतील अंतर अर्थपूर्ण वाटते. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचे जू ही बलुत्याची कामे मुख्यतः वाकसाने होत. बाभळीच्या ओंडक्यातून नांगराचा बाक काढण्यास रंधा काय कामाचा? रंधा लागे तो दार, चौकट, पाट, देव्हारा, पेटी ह्यांना, म्हणजे जेथे एक फळी दुसऱ्या फळीस बिनफटीची भिडवावयाची असते तेथे. तासणे हे आकारासाठी, रंधणे हे सांध्यासाठी, असा भेद केल्यास चूक होणार नाही.

रंधा म्हणजे काय, तर एका ठोकळ्यात कललेले पाते बसवून, पात्याने किती खोल जावे हे ठोकळ्याच्या तळाकडून ठरवून घेण्याची युक्ती. ही युक्ती निदान दोन हजार वर्षे जुनी आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात रंधे सापडले आहेत. इंग्लंडमध्ये सिल्चेस्टर येथील रोमन वसाहतीच्या उत्खननातही एक सापडला. त्यांचे तळ लोखंडी पत्र्याने मढविलेले आहेत, आणि आजचा कोणताही सुतार ते हातात घेऊन विचारल्याशिवाय कामास लागेल, इतके ते ओळखीचे दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत ह्या हत्यारात मूलभूत असा बदल झाला नाही.

आता ह्या हत्याराने सुतार नेमके काय करतो, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावरच उभा आहे. करवतीखालून आलेली फळी कधीच सरळ नसते. ती लांबीत वाकलेली असते, रुंदीत खोलगट असते, आणि पुष्कळदा तिला पीळ असतो, म्हणजे चार कोपऱ्यांपैकी दोन समोरासमोरचे कोपरे वर आलेले असतात. जाणता सुतार प्रथम फळीची एक बाजू खरी करतो. दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या ठेवून, एक डोळा मिटून, पलीकडची पट्टी अलीकडच्या पट्टीशी समांतर दिसते की नाही हे तो पाहतो आणि जेथे उंचवटा असेल तेथेच रंधा चालवितो. एक बाजू सपाट झाली की गुण्या लावून तो एक कड काटकोनात आणतो. मग त्या सपाट बाजूस टेकवून चारी कडांवर जाडीची रेघ ओढतो, आणि शेवटी फळी उलटून त्या रेघेपर्यंत रंधून काढतो. ह्यात दोन अगदी वेगळी कामे आहेत. पहिले सपाटी आणण्याचे. त्यास डोळा लागतो, कारण आधारास घ्यावे असे काहीच त्या वेळी फळीवर नसते. दुसरे जाडी आणण्याचे; त्यास मुख्यतः कष्ट लागतात, कारण आधार आधीच तयार असतो. मनुष्याने यंत्र केले ते दुसऱ्या कामाचे. पहिले काम यंत्राच्या अंगावर सहजासहजी जात नाही, आणि घरच्या कारखान्यात होणाऱ्या बहुतेक निराशेचे मूळ ह्या एका गोष्टीच्या विस्मरणात आहे.

इंग्लंडमध्ये 1791 साली सॅम्युअल बेंथॅम नावाच्या गृहस्थाने रंधण्याच्या यंत्राचा पेटंट घेतला. हा सुप्रसिद्ध तत्त्ववेत्ता जेरेमी बेंथॅम ह्याचा धाकटा भाऊ. रशियात पोटेमकिनच्या चाकरीत राहून, तेथील अडाणी मजुरांकडून जहाजबांधणीचे काम करवून घेताना त्यास यंत्रांची आवश्यकता भासली होती. त्याचे पहिले यंत्र हाताच्या रंध्याचीच नक्कल होती : फळीच्या रुंदीचा एक मोठा रंधा मागेपुढे सरकविलेला. 1793 साली त्याने आणखी एक विस्तृत पेटंट घेतला आणि त्यात फिरत्या पात्यांसह लाकूडकामाच्या बहुतेक सर्व क्रियांचा समावेश केला. ह्या यंत्रांमागील हेतू मात्र आपण सुतारांनी नीट ध्यानात घ्यावा. थोरल्या बेंथॅमने 'पॅनॉप्टिकॉन' नावाच्या आदर्श तुरुंगाची योजना आखली होती. त्या तुरुंगातील कैद्यांना, ज्यांनी जन्मात पटाशी धरली नाही अशा माणसांना, लाकूडकामास लावावयाचे होते. तेव्हा कसब कामगाराच्या हातातून काढून यंत्राच्या साच्यात घातले पाहिजे, असा धाकट्या बंधूचा विचार होता. तुरुंग कधी बांधला गेला नाही. यंत्रे मात्र राहिली.

ह्या विचाराचे पहिले मोठे फळ पोर्टस्मथच्या आरमारी गोदीत दिसले. जहाजाच्या दोरखंडांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या हजारोंनी लागत. मार्क इझाम्बार्ड ब्रुनेल ह्याची रचना आणि हेन्री मॉडस्ले ह्याची घडाई अशी सुमारे 45 यंत्रे बेंथॅमच्या देखरेखीखाली 1803 पासून तेथे बसविण्यात आली. 1808 पर्यंत वर्षास 1,30,000 कप्प्या निघू लागल्या आणि 110 कसबी कारागिरांचे काम 10 अकुशल माणसे करू लागली, असा त्या गोदीचा हिशेब आहे. ते उरलेले शंभर कोठे गेले, ह्याची नोंद यंत्रांच्या इतिहासात सहसा सापडत नाही. त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी सुतार-मिस्त्री सागवानी युद्धनौका हाताने बांधीत होते. 1817 साली तेथे पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. यंत्राचा वेग आणि हाताची आयुर्मर्यादा अशी तुलना करण्याचा मोह होतो, पण ती न्याय्य नाही. नौका टिकली त्याचे पुष्कळसे श्रेय सागवानास आहे.

लंडनजवळच्या वुलिच येथील शस्त्रागारात जोसेफ ब्रामा ह्याने 1802 च्या पेटंटानुसार निराळेच यंत्र बसविले. उभ्या दांड्यावर मोठे आडवे चाक, चाकाच्या खालच्या अंगास पाती, आणि त्याखालून गाड्यावर घट्ट आवळलेले लाकूड सरकत जाई. लाकूड आवळलेले असल्यामुळे ते दबत नसे व लवत नसे. पात्यांच्या पातळीत जे येई ते कापले जाई. अमेरिकेत टॉमस डॅनियल्स ह्याने 1834 साली ह्याच जातीच्या यंत्राचा पेटंट घेतला, आणि डॅनियल्सचे यंत्र तेथील फर्निचरच्या व गाड्यांच्या कारखान्यांत अनेक दशके चालले. ते संथ होते; परंतु फळीचा पीळ काढणे त्यास साधे. म्हणजे वर सांगितलेले पहिले काम, सपाटीचे काम, ते करी.

दुसऱ्या कामाचे, म्हणजे जाडीचे यंत्र न्यूयॉर्क राज्यातील विल्यम वुडवर्थ ह्याच्या नावावर आहे. त्याचा पेटंट 27 डिसेंबर 1828 चा. आडव्या दंडगोलावर बसविलेली पाती वेगाने फिरत आहेत, आणि त्यांच्या मागेपुढे असलेले रूळ फळीस दाबून धरीत पुढे ढकलीत आहेत, अशी ही रचना. आज आपण दुकानात जे थिकनेस यंत्र पाहतो ते तत्त्वतः हेच होय. जमिनीच्या तक्तपोशीच्या फळ्या ह्या यंत्रातून अशा वेगाने निघू लागल्या की, हाताने रंधून पोट भरणाऱ्यांचा तो धंदा अमेरिकेतून जवळजवळ नाहीसाच झाला. परंतु रूळ फळीस दाबतात, ह्या वाक्यातच यंत्राचा गुण आणि दोष दोन्ही आले. वाकलेली फळी रुळाखाली दबून सरळ होते, त्या दबलेल्या स्थितीत तिची पाठ कापली जाते, आणि पलीकडे बाहेर पडताच ती पुन्हा पहिल्यासारखी वाकते. आत गेली ती वाकडी जाड फळी, बाहेर आली ती वाकडी पातळ फळी. दोन्ही बाजू एकमेकींशी समांतर, हे मात्र खरे. पण दोन समांतर रेषा वाकड्याही असू शकतात.

वुडवर्थच्या पेटंटाची कथा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. त्या काळी पेटंटाची मुदत चौदा वर्षांची असे. वुडवर्थ 1839 साली वारला. 1842 मध्ये त्याच्या मुलाने सात वर्षांची वाढ मिळविली, आणि 1845 मध्ये अमेरिकन काँग्रेसने खास कायदा करून आणखी सात वर्षे दिली. अशा रीतीने 1856 च्या डिसेंबरपर्यंत, अठ्ठावीस वर्षे, अमेरिकेत फिरत्या पात्यांनी आणि दाबरुळांनी फळी रंधावयाची म्हणजे हक्कदारांस कर द्यावा लागे. हे हक्कदार बहुतांशी वुडवर्थचे कुटुंबीय नव्हेत. प्रदेशाप्रदेशाचे हक्क विकत घेतलेले व्यापारी होते. त्यांनी लहान गिरणीवाल्यांवर खटल्यांची रांग लावली, आणि 1846 साली 'विल्सन विरुद्ध रूसो' ह्या खटल्यात प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने वाढीव मुदत मान्य केली, पण ज्यांनी आधी रीतसर हक्क घेऊन यंत्रे उभारली होती त्यांना ती चालू ठेवण्याची मुभा दिली. पुढे तिसरी मुदतवाढ मागण्याचा प्रयत्न झाला तेव्हा लोकांनी तीव्र विरोध केला व तो फसला. ज्या यंत्राने सुताराची मजुरी घेतली, त्याच यंत्रावर बसून मूठभर लोकांनी एका पिढीचा कर घेतला. शोधकाच्या हाती ह्यातले फारच थोडे लागले.

आणखी एक कर होता, तो बोटांचा. एकोणिसाव्या शतकातील यंत्रांचा पात्यांचा दांडा चौकोनी असे. फिरताना चौकोनाच्या बाजू आणि टेबल ह्यांमध्ये मोठी पोकळी पडे आणि घसरलेला हात त्या पोकळीत ओढला जाई. वरून हाताने फळी सरकविण्याच्या सपाटी-यंत्रावर, ज्यास आपण 'सरफेस' म्हणतो, हा धोका सर्वांत अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल दांडा प्रचारात आला. त्यातील पाते किंचितच बाहेर डोकावते, त्यामुळे अपघात झालाच तर इजा बोटाच्या अग्रावर भागते. ब्रिटनने 1922 च्या नियमांनी हाताने सरकविण्याच्या अशा यंत्रांना गोल दांडा आवश्यक केला. भंगारातून जुने ओतीव यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्या बांधवांनी प्रथम झाकण काढून दांडा पाहावा. चौकोनी असेल तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे सुताराची ह्या यंत्रांशी मोठ्या प्रमाणावर गाठ पडली ती रेल्वेच्या कारखान्यांत. आगगाडीचे डबे तेव्हा लाकडी सांगाड्याचे असत. 1915 साली सुरू झालेल्या माटुंग्याच्या कारखान्यासारख्या ठिकाणी खेड्यांतून आलेले कारागीर पगारी कामगार झाले. बलुते सुटले, महिन्याचा पगार आला, मुले शाळेत गेली. ह्या स्थित्यंतराचे मोल कमी लेखता येत नाही. पुढे प्लायवूड आले आणि जाडी आणण्याचे कामच सुताराकडून गेले, कारण ती कारखान्यातूनच ठरून येते. आज शहरात वाढलेला आपल्या समाजातील कुशल तरुण प्लायवूड व लॅमिनेट ह्यांवर उत्तम हात चालवितो. परंतु करवतीखालची ओबडधोबड सागवानी फळी त्याच्यापुढे ठेवली तर तो थबकतो. त्यात त्याचा दोष नाही. ते काम त्याच्या वाट्यास आलेच नाही. घरच्या जाडी-यंत्राचे महत्त्व मला वाटते ते ह्याच कारणासाठी : त्याच्या योगाने भरीव लाकूड पुन्हा लहान माणसाच्या आवाक्यात येऊ शकते.

हे यंत्र घरात मावेल एवढे लहान झाले, ते अलीकडे. नागोया येथील माकिता ह्या 1915 साली स्थापन झालेल्या कंपनीने 1958 मध्ये जपानात हातात धरण्याचा विजेचा रंधा प्रथम बाजारात आणला. वेगाने फिरणारी हलकी मोटर आणि ओतीव अॅल्युमिनियमचा सांगाडा ह्यांच्या जोडीने पुढे काय होऊ शकते, हे 1980 च्या दशकात दिसले : रियोबी ह्या जपानी कंपनीने दहा इंच रुंदीचे, उचलून नेता येण्याजोगे जाडी-यंत्र अमेरिकेत विक्रीस ठेवले. त्यापूर्वी तेथील हौशी सुतारास शेकडो किलो वजनाचे ओतीव यंत्र घेणे, नाहीतर गिरणीतून रंधून आणणे, एवढेच मार्ग होते. अमेरिकन लोक ह्या जातीस 'लंचबॉक्स प्लेनर' म्हणतात. एवढ्या वजनाचा जेवणाचा डबा कोण नेत असेल ते तेच जाणोत.

आता निवडीकडे वळू. बाजारातील ह्या जातीची यंत्रे बहुधा बारा ते तेरा इंच रुंदीची असतात, आणि घरकामास ती रुंदी पुरते. दाराच्या उभ्या पट्ट्या, खुर्चीचे पाय, पेटीच्या बाजू ह्यांस सहा इंचही क्वचितच लागतात. तेव्हा रुंदीच्या अर्ध्या इंचासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नाही. पृष्ठभाग कसा निघतो हे पाहावे. त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. मिनिटास फळी किती मिलिमीटर सरकते, त्यास दांड्याचे मिनिटाचे फेरे आणि पात्यांची संख्या ह्यांच्या गुणाकाराने भागावे. म्हणजे दोन कापांमधील अंतर मिळते. माकिताच्या 2012-एनबी ह्या यंत्रात 8,500 फेरे, दोन पाती आणि मिनिटास साडेआठ मीटर गती. म्हणजे दर अर्ध्या मिलिमीटरास एक काप. डीवॉल्टच्या डीडब्ल्यू-735 मध्ये 10,000 फेरे, तीन पाती आणि दोन गती आहेत. जलद गतीत इंचास 96 काप आणि संथ गतीत 179 काप पडतात, म्हणजे साधारण पाव आणि एक-सप्तमांश मिलिमीटर. आकडे दुसऱ्याच्या बाजूचे आहेत, पण त्याचे वजन चाळीस किलोंच्या वर जाते, आणि पहिले तीस किलोंच्या आत आहे. ज्यास यंत्र दर वेळी माडीवर चढवावयाचे आहे त्याने हा फरक आधी स्वतःच्या कमरेस विचारावा.

अमेरिकेतील नातेवाइकाकडून यंत्र मागविण्याची कल्पना पुष्कळांच्या मनात येते. तेथील वीज 120 व्होल्टची. पंधरा अँपियरचे यंत्र पूर्ण भाराखाली सुमारे 1,800 वॉट ओढते. ते येथील 230 व्होल्टांवर चालविण्यास त्या शक्तीहून मोठा, जड आणि महाग ट्रान्सफॉर्मर लागतो. ब्रशवाल्या मोटरीस आपली 50 सायकलची वीज चालते. परंतु इंडक्शन मोटर अशा विजेवर एक-षष्ठांशाने मंद फिरते. शिवाय पाती, पट्टे आणि कार्बन ब्रश पुन्हा समुद्रापलीकडूनच यावयाचे. येथे मिळते व येथे दुरुस्त होते तेच घ्यावे.

येथे मिळणाऱ्यांत आणखी एक जात आहे, आणि तिच्याकडे घरचे कारागीर उगाच दुर्लक्ष करतात. राजकोट, बटाला ह्या ठिकाणी तयार होणारी ओतीव लोखंडाची जोडयंत्रे, वर सरफेस आणि खाली थिकनेस अशी, एकाच दांड्यावर दोन्ही कामे करतात. इंडक्शन मोटर असल्याने आवाज पुष्कळ कमी, पट्टा कोणत्याही बाजारात मिळणारा, आणि कोणताही फिटर उघडून बसवू शकेल अशी रचना. बारीक पूर्णतेत ही यंत्रे जपानी यंत्रांशी बरोबरी करीत नाहीत. टेबल समतल आहे की नाही हे सरळ पट्टी लावून स्वतः तपासल्याखेरीज पैसे देऊ नयेत. जागा मोठी आहे, तळमजला आहे, यंत्र एकदा मांडले की हलवावयाचे नाही, अशा माणसाने माझ्या मते हेच घ्यावे. डॅनियल्सचे काम आणि वुडवर्थचे काम त्यास एकाच पायावर मिळते.

ज्यास एवढी जागा नाही त्याने छोटे जाडी-यंत्र घ्यावे, आणि त्याबरोबर एक लांब हातरंधा घ्यावा किंवा आजोबांचा असेल तर पाते घासून तयार करावा. पहिली बाजू हाताने खरी करावी. ती गुळगुळीत करण्याची गरज नाही. पीळ आणि बाक गेला, फळी सपाट मेजावर ठेवली असता डगमगत नाही, एवढे पुरे. मग ती बाजू खाली करून फळी यंत्रात घालावी, वरची बाजू सपाट झाली की उलटावी आणि हाताने रंधलेल्या बाजूचे वळ यंत्रानेच काढावे. ज्या कामास पूर्वी अर्धा दिवस लागे, त्यातील कष्टाचा भाग यंत्र घेते आणि डोळ्याचा भाग सुताराकडे राहतो. हाताने रंधणे मुळीच जमत नसेल तर वाकडी फळी एका सरळ पाटावर ठेवून, जेथे ती टेकत नाही तेथे लाकडी पाचरी बसवून, पाटासकट यंत्रातून काढावी. रूळ मग तिला दाबू शकत नाहीत आणि वरची बाजू खरी निघते.

सागवानाविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. पाश्चात्य पुस्तकांतील पात्याच्या आयुष्याचे अंदाज ओक, मेपल, पाईन ह्यांवर बेतलेले असतात. सागवानात सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश असतो आणि तो साध्या हायस्पीड पोलादाची धार लवकर घालवितो. म्हणून पाती कोठे मिळतात, दोन्ही धारांची आहेत काय, घासून पुन्हा वापरता येतात काय, हे आधी विचारावे. हल्ली दांड्यावर कार्बाइडचे लहान चौकोनी तुकडे नागमोडी ओळींत बसविलेली यंत्रे मिळतात. तुकडा एका बाजूने बोथट झाला की फिरवून दुसरी धार पुढे आणावयाची, अशा चार धारा. उलट्या रेषांच्या लाकडावरही त्यांनी चोया कमी निघतात आणि आवाज सौम्य होतो. किंमत मात्र जबर आहे. जो नित्य सागवानावर काम करतो त्यास ती परवडते. वर्षास दोन पाट करणाऱ्यास नाही.

पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान हा तर आपल्याकडचा खजिना. पन्नास-शंभर वर्षे सुकलेले, बहुधा न हलणारे लाकूड. पण त्यात खिळे असतात आणि पुष्कळदा डोके तुटलेले खिळे असतात. असा एक खिळा पात्यात खाच पाडतो आणि मग प्रत्येक फळीवर लांबपर्यंत उंच रेघ उमटत राहते. जुने लाकूड प्रथम तारेच्या ब्रशाने घासावे, लोहचुंबक किंवा धातुशोधक फिरवावा, रंग व चुना खरवडून काढावा, आणि मगच यंत्राजवळ न्यावे.

फळीच्या दोन्ही टोकांस दोन-तीन इंच लांबीचा उथळ खोलगट भाग पडतो, त्याची तक्रार जवळजवळ प्रत्येक नवा मालक करतो. फळी आत शिरताना आणि बाहेर पडताना एकाच रुळाच्या पकडीत असते, तिचे दुसरे टोक स्वतःच्या वजनाने खाली जाते आणि पात्याखालचे टोक वर उचलले जाते. पात्याचा दांडा कापताना घट्ट आवळून ठेवण्याची सोय असलेले यंत्र ह्यात बरे. तरी मूळ उपाय आपल्याच हाती आहे : आत जाताना व बाहेर येताना फळीचे मोकळे टोक किंचित उचलून धरावे, किंवा एकामागे एक फळ्या टोकास टोक लावून सोडाव्यात. दोन रुळांमधील अंतराहून आखूड तुकडा यंत्रात कधीही घालू नये. तो पात्याखाली उडतो.

यंत्राच्या किमतीइतकाच विचार चुऱ्याचा करावा. एक इंचाची फळी पाऊण इंचावर आणली म्हणजे लाकडाचा चौथा हिस्सा ढलप्यांत गेला आणि त्या ढलप्या फुगून मूळ घनफळाच्या कितीतरी पट जागा व्यापतात. लाकडाच्या धुळीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक ठरविलेल्या पदार्थांच्या वर्गात घातले आहे. आपल्या वाडवडिलांस खोकल्याचे कारण कोणी सांगितले नाही. आपणांस ते ठाऊक आहे. चुरा ओढून घेणारा पंखा, नाकातोंडास घट्ट बसणारा मुखवटा आणि कानांवर संरक्षक ह्यांचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरावेत. ब्रशवाल्या मोटरीच्या यंत्राजवळचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो, आणि दिवसभराच्या कामास 85 ही मर्यादा मानली जाते. चाळीत किंवा दाटीच्या गल्लीत राहणाऱ्यांनी ह्याच कारणासाठी शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवून घ्यावी.

पहिल्या दिवशी नवे यंत्र चालवून पाहताना साध्या, स्वस्त लाकडाची एक रुंद फळी घ्यावी. तिच्यावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा माराव्यात, अर्ध्या मिलिमीटरहून अधिक काप न घेता ती यंत्रातून काढावी आणि रेघा कोठे राहिल्या ते पाहावे. नंतर दोन्ही कडांची जाडी मोजावी. एक कड दुसरीहून पातळ निघाली तर टेबल किंवा दांडा तिरका आहे. विक्रेत्याची मुदत संपण्यापूर्वी ते त्याच्या निदर्शनास आणावे, आणि ती फळी पुरावा म्हणून जपून ठेवावी.